वारसा आणि वारसदाखला : गोतसभेपासून दिवाणी न्यायालयापर्यंत

घरातील कर्ता मनुष्य गेला म्हणजे पहिले तेरा दिवस कसे पार पाडावयाचे, हे आपल्याकडे कोणास शिकवावे लागत नाही. सोयरे येतात, ज्ञातीतील चार माणसे न बोलावता धावून येतात आणि ज्याच्या त्याच्या कुळाचाराप्रमाणे दहावा, बारावा, तेरावा होतो. चौदाव्या दिवशी घर रिकामे होते. मग केव्हा तरी कपाट उघडले जाते व बँकेची पुस्तके, विम्याचे कागद, शेताचे उतारे आणि घराची जुनी खते बाहेर निघतात. बँकेत विचारणा केली की उत्तर मिळते, ‘वारसदाखला आणा.’ कोणी सांगतो मृत्युपत्र आहे का पाहा, कोणी सांगतो प्रोबेट घ्या, कोणी म्हणतो गावी जाऊन आधी वारसनोंद करा. दुःखाने खचलेल्या कुटुंबास हे शब्द परक्या मुलखातील वाटतात.

मंडळाच्या कार्यालयात वर्षभरात जी मंडळी सल्ल्यासाठी येतात, त्यांतील पुष्कळांचा प्रश्न याच जातीचा असतो. त्यांना वकिलाचे नाव सांगून आपण मोकळे होऊ शकतो. परंतु हे कागद आले कोठून, ते कशासाठी निर्माण झाले आणि त्यांच्यापूर्वी आपले पूर्वज हा व्यवहार कसा उरकीत असत, हे समजले तर भीती निम्म्याने कमी होते, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेत हा इतिहास थोडक्यात मांडण्याचे योजिले आहे.

गोत आणि महजर

मराठेशाहीत वारसाचा तंटा प्रथम गावातच उभा राही. पाटीलकी, कुळकर्ण वा मिराशीची जमीन कोणाकडे जावी याविषयी वाद पडला म्हणजे गोतसभा भरे. तीत वतनदार, बलुतेदार, वादी-प्रतिवादींचे भाऊबंद आणि शेजारच्या गावचे जाणते लोक बसत. अमका अमक्याचा पुत्र, त्यास भाऊ किती, वाटणी झाली होती की नव्हती, विधवेने कोणास दत्तक घेतले, या सर्व गोष्टींची साक्ष ज्यांनी त्या डोळ्यांनी पाहिल्या त्यांच्याच तोंडून घेतली जाई. निर्णय ठरला की महजर किंवा निवाडपत्र लिहिले जाई व त्यावर उपस्थितांची नावे आणि निशाण्या पडत. पाटलाचा नांगर त्या निशाण्यांत सर्वांच्या परिचयाचा आहे.

या पद्धतीत दोष पुष्कळ होते. बलवान भाऊबंदापुढे दुबळ्याचा आवाज निघत नसे आणि सभेत स्त्रीची बाजू बहुधा दुसराच कोणी मांडी. परंतु एक तत्त्व तीत स्वच्छ होते. गोत वारस निर्माण करीत नसे. जो वारस आहेच त्यास ते ओळखी आणि ती ओळख लेखनिविष्ट करी. हे तत्त्व वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे राज्ये बदलली तरी ते बदलले नाही.

विज्ञानेश्वर आणि नीलकंठ

वारस कोण, हा प्रश्न मात्र शास्त्राचा. याज्ञवल्क्य स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या कारकीर्दीत लिहिली. हा राजा १०७६ ते ११२६ या काळात राज्यावर होता व ते कल्याण म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण होय. धन्याशी असलेल्या नात्यामुळेच जे धन दुसऱ्याचे होते ते ‘दाय’, अशी विज्ञानेश्वराची मांडणी आहे. पुत्रास वडिलार्जित मालमत्तेत जन्मतःच हक्क प्राप्त होतो, हे त्याचे मत भारताच्या बहुतेक भागात रूढ झाले.

दुसरा ग्रंथ ‘व्यवहारमयूख’. त्याचा कर्ता नीलकंठ भट्ट हा सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीत होऊन गेला. परंतु त्याचे घराणे मूळचे पैठणचे. त्याचा पणजा रामेश्वरभट्ट पैठण सोडून काशीस गेला आणि पुढे या भट्ट घराण्याने तेथे मोठी विद्वत्परंपरा उभी केली. मुंबई बेट, गुजरात व उत्तर कोकण या भागांत मतभेदाच्या जागी मयूखाचा शब्द अधिक मानला जाई. अन्यत्र मिताक्षरेस अग्रस्थान होते.

या दोन ग्रंथांमुळे पश्चिम हिंदुस्थानातील स्त्रियांची स्थिती इतर प्रांतांहून थोडी बरी राहिली, ही गोष्ट आपल्यापैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल. नीलकंठाने बहिणीस आजीच्या पाठोपाठ वारसांच्या मालिकेत बसविले. ती त्याच गोत्रात जन्मली, हे त्याचे कारण. मुंबई इलाख्यात पित्याकडून कन्येस मिळालेले धन तिचे पूर्ण स्वामित्वाचे मानले जाई, तर अन्य बहुतेक प्रांतांत तिला ते केवळ हयातीपुरते उपभोगता येई. सगोत्र सपिंडाच्या विधवेसही येथे वारसांत स्थान होते आणि १८८० साली प्रिव्ही कौन्सिलने तेच उचलून धरले. बहिणीच्या वारसाहक्काचा असाच एक खटला मुंबईहून प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. त्याचा निकाल १८६४ साली बहिणीच्या बाजूने लागला.

अर्थात पुत्र असता कन्येस काही मिळत नसे व एकत्र कुटुंबातील विधवेच्या वाट्यास अन्नवस्त्रच येई. तेव्हा या गौरवाची मर्यादाही जाणली पाहिजे.

एल्फिन्स्टनची चौकशी आणि १८२७ चा कायदा

१८१८ साली पेशवाई बुडाली व १८१९ पासून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला. नवा कायदा करण्यापूर्वी या मुलखातील लोक कोणत्या रीतीने वागतात याची चौकशी व्हावी, असा त्याचा आग्रह होता. त्याच्या कारकीर्दीत आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनमधील ज्ञातींच्या चालीरीतींचा संग्रह सिद्ध केला व तो १८२७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी शास्त्र्यांची मते तर घेण्यात आलीच, पण निरनिराळ्या ज्ञातींतील जाणत्या मंडळींनाही विवाह, दत्तक, वाटणी आणि वारसा यांविषयी प्रश्न विचारण्यात आले. म्हणजे ज्ञातिसंस्थेची साक्ष सरकारी दप्तरात छापील रूपाने प्रथम आली ती या वेळी. आपल्यासारख्या मंडळांनी हा प्रसंग विसरू नये.

त्याच १८२७ सालच्या आठव्या रेग्युलेशनाने आजच्या वारसदाखल्याचा पाया घातला. त्यातील कलमांचा आशय मोठा बोधप्रद आहे. पहिल्याच कलमात असे म्हटले आहे की मृताच्या वारसाने मालमत्तेचा ताबा घेण्यास अगर येणे वसूल करण्यास न्यायालयाची पूर्वमान्यता घेण्याची आवश्यकता नाही. मग दाखला कशासाठी? तर मृताची मालमत्ता ज्यांच्या ताब्यात आहे किंवा ज्यांच्याकडे त्याचे येणे आहे, त्यांना या वारसाशी निर्धास्तपणे व्यवहार करता यावा, यासाठी. अर्ज आला म्हणजे न्यायाधीशाने जाहीरनामा काढावा, कोणास हरकत घ्यावयाची असल्यास एक महिन्यात यावे असे कळवावे आणि हरकत नसल्यास अगर ती टिकली नाही तर दाखला द्यावा. या दाखल्याने मालमत्तेवर नवा हक्क उत्पन्न होत नाही, हेही तेथेच सांगून ठेवले आहे.

गोतसभेत जे चावडीपुढे होत होते तेच येथे जाहीरनाम्याने होऊ लागले. दोन्हीकडे चार लोकांना विचारावयाचे, हरकतीस अवसर द्यावयाचा व मग ओळख पक्की करावयाची. दोनशे वर्षे होत आली, तरी महाराष्ट्रात वारसदाखल्याचे अर्ज आजही याच रेग्युलेशनाखाली होतात. बँकेतील कारकुनाने दाखला मागितला म्हणून कोणी अपमान मानू नये. त्याला धोका नको असतो, इतकाच त्याचा अर्थ.

शास्त्री गेले, वकील आले

इंग्रजी न्यायालयांत आरंभी शास्त्री नेमलेले असत. न्यायाधीशाने प्रश्न लिहून द्यावा आणि शास्त्र्याने ग्रंथाधारासह व्यवस्था लिहून द्यावी, असा प्रघात होता. १८६४ च्या कायद्याने ही पदे रद्द झाली. परंतु शास्त्र्यांनी दिलेल्या उत्तरांचा संग्रह रेमंड वेस्ट आणि गेओर्ग ब्यूलर या दोघा विद्वानांनी केला व तो १८६७ पासून प्रसिद्ध झाला. नंतर रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी १८८० साली व्यवहारमयूख भाषांतरासह छापला आणि १९२६ साली म. म. पांडुरंग वामन काणे यांनी त्याची संपादित आवृत्ती काढली. काणे हे स्वतः मुंबईत वकिली करीत. धर्मशास्त्राच्या इतिहासाबद्दल त्यांची कीर्ती जगभर झाली व १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न देण्यात आले. ज्या ग्रंथांच्या आधारे सामान्य विधवेचा दावा जिंकला वा हरला जाई, ते ग्रंथ अशा रीतीने वकिलांच्या हाती आले.

कायदेही एकामागून एक झाले. मृत्युपत्र ही कल्पना आपल्या जुन्या शास्त्रात रुजलेली नव्हती. १८७० च्या हिंदू विल्स ॲक्टने मुंबई शहरातील हिंदूंच्या मृत्युपत्रांस लेखी रूप, सही आणि दोन साक्षीदार यांचे बंधन घातले. १८८१ साली प्रोबेटसंबंधी आणि १८८९ साली उत्तराधिकार प्रमाणपत्रासंबंधी कायदा आला. हे सारे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमात एकत्र करण्यात आले. १ जानेवारी १९२७ पासून देशात कोठेही केलेल्या हिंदूच्या मृत्युपत्रास दोन साक्षीदार आवश्यक झाले. खेड्यातील मृत्युपत्र आणि मुंबईतील मृत्युपत्र यांत मग एकच मोठा भेद उरला. मुंबई शहरात केलेल्या किंवा तेथील स्थावराविषयीच्या मृत्युपत्रावरून न्यायालयात हक्क सांगण्यास प्रोबेट घेणे सक्तीचे होते. दीर्घ काळ चाललेली ही सक्ती ज्या २१३ व्या कलमावर उभी होती, ते कलम संसदेने २०२५ च्या अखेरीस गाळून टाकले. प्रोबेट आता इच्छेचा विषय आहे. मृत्युपत्राविषयी वाद संभवत असेल तेथे मात्र ते घेणेच शहाणपणाचे.

विधवा, कन्या आणि माता

विसाव्या शतकातील खरा पालट झाला तो स्त्रियांच्या हक्कात. १९३७ साली मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या प्रयत्नाने विधवेस पतीच्या मालमत्तेत पुत्राबरोबर वाटा देणारा कायदा संमत झाला. तो वाटा हयातीपुरताच होता, तरी अन्नवस्त्रावर ठेवलेली विधवा त्या दिवसापासून भागीदार झाली. १९४१ साली बेनेगल नरसिंह राव यांच्या अध्यक्षतेखाली हिंदू कायदा समिती नेमण्यात आली. तिच्यात पुण्याच्या विधी महाविद्यालयाचे प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे हे एक सभासद होते. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलासाठी केलेले परिश्रम व १९५१ मध्ये दिलेला मंत्रिपदाचा राजीनामा सर्वश्रुत आहे.

१७ जून १९५६ रोजी हिंदू उत्तराधिकार अधिनियम अमलात आला. मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर त्याच्या स्वतःच्या मालमत्तेत पुत्र, कन्या, विधवा आणि माता यांना सारखा वाटा मिळू लागला. विधवेची मर्यादित मालकी जाऊन पूर्ण मालकी आली. वडिलार्जित एकत्र मालमत्तेत कन्येस जन्मसिद्ध हक्क मात्र तेव्हा मिळाला नाही. महाराष्ट्राने तो २२ जून १९९४ पासून, त्या तारखेपूर्वी विवाह न झालेल्या कन्यांस दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून संसदेने तो देशभरच्या सर्व कन्यांस दिला. त्या दिवशी पिता हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले.

या यादीतील ‘माता’ हा शब्द वाचकांनी पुन्हा वाचावा. तरुण मुलगा जातो, सून आणि नातवंडे यांची नावे लागतात व कोपऱ्यात बसलेली म्हातारी आई कोणाच्या ध्यानीही येत नाही. कायद्याने तिचा वाटा सुनेइतकाच आहे. तिचे नाव गाळून केलेला अर्ज खोटा ठरतो.

एक घरची गोष्ट

इतरांस उपदेश करण्यापूर्वी स्वतःची चूक सांगणे उचित होईल. आमचे तीर्थरूप १९७१ साली वारले. आम्ही तिघे भाऊ आणि एक बहीण. तिचे लग्न होऊन नऊ वर्षे झाली होती. चावडीवर वारसांचा जबाब झाला तेव्हा थोरल्या बंधूंनी आईचे आणि आम्हा तिघांचे नाव सांगितले. ‘ताई दिल्या घरी सुखी आहे,’ एवढेच ते म्हणाले. ज्ञातीतील दोन वडीलधाऱ्यांनी पंच म्हणून सह्या केल्या. मीही सही केली. त्या वेळी मला १९५६ चा कायदा माहीत होता, कारण मी नुकताच एका वकिलांकडे कारकुनी करू लागलो होतो.

ताई कधी एक शब्द बोलली नाही. दिवाळीस येत राहिली, भावांना ओवाळीत राहिली. तिचे यजमान अकाली गेले व मुले लहान होती तेव्हाही तिने काही मागितले नाही. पुढे जमिनीचा काही भाग रस्त्यासाठी गेला. मोबदल्याची रक्कम यावयाची होती, त्या वेळी कागद पुन्हा निघाले आणि मी बंधूंपुढे विषय काढला. पुष्कळ बोलाचाली झाल्या. अखेर तिचे नाव लागले व वाटा तिच्या हाती गेला. ती म्हणाली, ‘नाव लिहिलंत ते बरं केलंत. पैसे काय, तेव्हा उपयोगी पडले असते.’ त्या वाक्यावर आमच्यापैकी कोणापाशी उत्तर नव्हते.

त्या सह्यांमध्ये अधिकाऱ्याचा दोष नव्हता. त्याने सांगितले तसे लिहिले. दोष साक्ष देणाऱ्यांचा होता. महजरावर नांगर काढणाऱ्यांची जी जबाबदारी होती, तीच आमच्यावर होती आणि ती आम्ही पाळली नाही.

आज काय करावे

आता व्यवहाराचे दोन शब्द. मृत्यूची नोंद करून दाखल्याच्या पुरेशा प्रती प्रथम घ्याव्यात. मृत्युपत्र आहे काय ते कपाटात, बँकेत व नोंदणी कार्यालयात शोधावे. ते नोंदविलेले असणे सक्तीचे नाही. बँकेतील ठेवी, रोखे आणि येणी यांसाठी दिवाणी न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र व वारस म्हणून ओळख पटविण्यासाठी १८२७ च्या रेग्युलेशनाखालील वारसदाखला, असा स्थूल भेद आहे. कोणता कागद लागेल हे त्या त्या ठिकाणी लेखी विचारून मगच वकिलाकडे जावे. वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

शेतजमिनीबाबत १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसाने तीन महिन्यांत गावच्या महसूल दप्तरी वर्दी द्यावयाची असते. त्यावरून फेरफार होऊन सात-बारावर नावे येतात. बहिणींची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात ढकलण्याची सवय पुष्कळ गावी होती, तिकडे लक्ष ठेवावे. फेरफार ही महसुलाची नोंद होय. तीत नाव नसल्याने हक्क बुडत नाही व असल्याने नवा मिळत नाही. नामनिर्देशनाचेही तसेच. ज्याचे नाव शेअरच्या कागदावर लिहिले तो स्वीकारणारा, मालक वारसच. शेअरविषयी हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले आहे. विम्याविषयीही त्याने १९८३ साली तसेच सांगितले होते, परंतु २०१५ पासून तो नियम सरसकट राहिलेला नाही.

बहिणीकडून हक्कसोडपत्र घ्यावयाचे असल्यास तिला तिचा वाटा किती ते आधी आकड्यांत सांगावे, सुतकात सही मागू नये आणि स्थावराचे असल्यास ते नोंदवावे. तिने राजीखुशीने सोडले तर तो तिचा मोठेपणा. न सोडले तर तो तिचा हक्क. यात माहेर तुटण्याचे कारण नाही.

वकिलाची फी झेपत नाही म्हणून कोणी स्वस्थ बसू नये. मुंबई सरकारने गरिबांना कायद्याची मदत कशी द्यावी याचा विचार करण्यासाठी न्या. नटवरलाल भगवती यांची समिती १९४९ सालीच नेमली होती. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने, जो १९९५ पासून अमलात आला, ही मदत कायद्याचा हक्क झाली. त्याखाली कोणत्याही स्त्रीस, तिचे उत्पन्न न पाहता, विनामूल्य वकील मिळू शकतो. तालुका व जिल्हा न्यायालयाच्या आवारात या समितीचे कार्यालय असते. आपल्या ज्ञातीतील किती विधवा भगिनींना हे माहीत आहे?

मंडळाकडे एक विनंती आहे. पूर्वी गोताने साक्ष दिली, पुढे स्टीलच्या चौकशीत ज्ञातींनी आपल्या चाली सांगितल्या. आता मंडळाने प्रत्येक शाखेत एक जाणता सभासद नेमावा. दुःख झालेल्या घरी महिन्याभराने जाऊन त्याने कागदांची यादी करून द्यावी, आणि वारसांची नावे लिहिताना माता, विधवा व कन्या यांपैकी कोणी राहिले नाही ना, हे पाहावे. ज्या जबाबावर नाव अपुरे आहे त्यावर ज्ञातीतील कोणीही पंच म्हणून सही करू नये, एवढा ठराव जरी येत्या वार्षिक सभेत झाला तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.